संपफोड्या, फितूर की नुसताच 'आत गेलेला'?

भाषांतरी :
मालवाहू विमानांच्या वैमानिकांच्या संपांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि दोन शब्दांपाशी गाडी रुतली आहे. सॉलिडॅरिटी, म्हणजे दुसऱ्याच्या लढ्याला साथ देणं, आणि स्कॅब, म्हणजे संप चालू असताना कामावर जाणारा. प्रसंग असा : ऑगस्ट १९९७, अमेरिका. यूपीएस या पार्सल कंपनीचे १,८५,००० कामगार १५ दिवस संपावर होते. ट्रक चालवणारे, पार्सलं लावणारे, सगळे टीमस्टर्स युनियनचे. मुख्य मागणी ही की अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळ नोकऱ्या द्या. वैमानिकांना त्यातून दमडी मिळणार नव्हती आणि त्यांची युनियनही वेगळी. तरी सुमारे २,००० वैमानिकांनी विमानं उडवायला नकार दिला. याला काय म्हणू? 'पाठिंबा' लिहिलं तर पत्रक काढून घरी बसल्यासारखं वाटतं. 'एकजूट' म्हटलं की सगळे एकाच युनियनचे असा समज होतो. 'सहानुभूतीचा संप' हा पुस्तकी शब्द हाताशी आहे, पण जिभेवर बसत नाही.

कोशकिडा :
सहानुभूती नकोच. ती आजाऱ्याला दाखवतात, येताना उशाशी दोन मोसंबी ठेवतात.
आधी 'संप' शब्द बघा. आपल्याला तो ऐकला की बंद गेट दिसतं. गुजरातीत मात्र संप म्हणजे एकोपा, सलोखा. 'संप त्यां जंप', एकी तिथे शांतता, ही त्यांची म्हण. आमच्या इमारतीतल्या गुजराती काकांनी एका मराठी जोडप्याला लग्नात 'संपथी रहेजो' असा आशीर्वाद दिला. नवरदेव हसू दाबत म्हणाला, काका, आजपासूनच? तर सॉलिडॅरिटी बाहेरून आणायला नको, ती संपाच्या पोटातच आहे. 'वैमानिक संपात उतरले' लिहा आणि मोकळ्या व्हा.

भाषांतरी :
छान आहे, पण मग दुसऱ्याच्या भांडणात उतरले हे हरवतं. तोच तर मुद्दा आहे.

गिरणगावकर :
ताई, 'पाळला' म्हणा की. टीमस्टर्सचा संप वैमानिकांनी पाळला. बंद पुकारणारे वेगळे, पाळणारे वेगळे, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

कोशकिडा :
मानलं. खोट एवढीच की आपल्याकडे दुकानदार बंद पाळतो तो निम्म्या वेळा काच फुटू नये म्हणून. पण उपास पाळतो, सुतक पाळतो, शब्द पाळतो, या सगळ्यात स्वतःला थोडी तोशीस लावून घेणं आहे. वैमानिकाचा पगार बुडत होता, म्हणजे तोशीस होतीच. चालेल.

विमानवाला :
मी मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, विमान उडवत नाही, माल चढवण्याच्या बाजूला. एक बारकावा. प्रवासी विमान उडालं नाही तर माणसं काउंटरवर आरडाओरडा करतात. खोकं ओरडत नाही. त्याच्यावरचं लेबल बदललं की ते दुसऱ्या कंपनीच्या पोटात जातं. १९९७ला फेडेक्स आणि टपाल खात्याकडे पार्सलांचा ढीग लोटला तो असाच. म्हणून तिथल्या वैमानिक संघटनांच्या बोलण्यात संपकरी कंपनीकडून वळवलेल्या मालाला स्वतंत्र शब्द आहे. शब्दशः 'संप झालेलं काम', आणि ते मराठीत अगदीच विचित्र दिसतं. 'संपाचा माल' कसं वाटतं?

गिरणगावकर :
चांगलं वाटतं, आणि ओळखीचंही. १९८२च्या गिरणी संपात कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेतलं आणि त्यावर गिरणीचा शिक्का मारून विकलं. गेटवर कुणीच आत जात नव्हता तरी माल बाजारात येत होता. आम्ही गेट राखत बसलो आणि संप कसाऱ्याच्या रस्त्याने निघून गेला, असं वडील म्हणायचे.
आता तुमचा दुसरा शब्द, स्कॅब. वडील बदली कामगार होते. बदली म्हणजे सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं, एखादा कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे. १८ जानेवारीपासून सगळेच आले नाहीत. आमच्या चाळीतले एक मामा काही महिन्यांनी जायला लागले. त्यांना संपफोड्या कुणी म्हटलं नाही, गद्दार तर नाहीच. 'ते आत जातात', बस. तेही आवाज खाली करून. आई आम्हाला त्यांच्याकडे विरजण मागायला पाठवायची बंद झाली.

भाषांतरी :
'आत जातात' यावर मी अडून बसणार आहे.

कोशकिडा :
बसा, पण क्रियापदांची वाटणी लक्षात ठेवा. सरकार किंवा मालक संप मोडतो, मोडून काढतो. फोडतो तो आतला. घर फोडणं आणि माणसं फोडणं दोन्ही मराठीत आहे, आणि संपफोड्यात मला माणसं फोडणंच ऐकू येतं. बाहेरून पैसे देऊन आणलेला माणूस भाडोत्री. फितूर व्हायला आधी आपल्यातला असावा लागतो. 'स्कॅब'चं शब्दशः भाषांतर 'खपली' कृपया नको. आपल्याकडे खपली धरली म्हणजे जखम बरी होतेय, उलटाच अर्थ निघेल.

पोटमाळा :
'आपल्यातला' हेही तपासून घ्या. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामात, घेत नसत. धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळ! डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या मोठ्या संपात पुढाऱ्यांना हेच विचारलं, आणि १९२९च्या संपाला तर त्यांचा विरोधच होता. त्या कामगारांना फितूर म्हणणार? ज्याला जुटीत घेतलंच नाही तो फुटेल कुठून? पुढे ७ नोव्हेंबर १९३८ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात तेच आंबेडकर कम्युनिस्टांच्या बरोबर होते.

विमानवाला :
वैमानिकांत मात्र 'स्कॅब' हा शब्द जन्मभर चिकटतो. १९८३ ते ८५ कॉन्टिनेंटलमध्ये संप होता (ती प्रवासी कंपनी, पण संस्कृती तीच). त्यात ज्यांनी विमानं उडवली त्यांच्या नावांच्या याद्या पुढे कित्येक वर्षं हातोहात फिरल्या. कॉकपिटमध्ये मागे एक घडीची जास्तीची खुर्ची असते, जंप सीट. कामाच्या गावाला जायला वैमानिक दुसऱ्याच्या विमानात तिच्यावर बसून फुकट जातात. बसू द्यायचं की नाही हे कॅप्टनच्या हातात. यादीत नाव असेल तर कॅप्टन नाही म्हणतो आणि तो गृहस्थ बॅग घेऊन परत टर्मिनलला. यासाठी 'वाळीत टाकणे' कसं?

पोटमाळा :
शब्द अचूक आहे, म्हणूनच जपून. त्याला जातपंचायतीचा वास आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागलेलं राज्य आपलं. वैमानिकांची बाजू घेणारा वाचक इथे एकदम दचकेल.

भाषांतरी :
दचकू दे थोडा. पण मी 'खुर्ची नाकारली' एवढंच लिहीन, ते दिसतंही डोळ्यापुढे.
अजून एक. नोव्हेंबर २०१६मध्ये एबीएक्स एअरचे सुमारे २५० वैमानिक थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर संपावर गेले. डीएचएल आणि अ‍ॅमेझॉनचा माल नेणारी कंपनी. माणसं कमी, सुट्टीच्या दिवशीही बोलावणं. दोन दिवसांत कोर्टाने त्यांना कामावर परत पाठवलं. कंपनीचं म्हणणं की हा कायद्याच्या भाषेत 'मायनर' वाद आहे. मी 'किरकोळ वाद' लिहिलंय.

कोशकिडा :
अजिबात नको! किरकोळ म्हणजे रस्त्यावर स्कूटर घासली. अमेरिकेत विमान कंपन्यांना रेल्वे कामगारांचाच १९२६चा कायदा लागू आहे. त्यात नवा करार करण्यावरून भांडण असेल तर ते मोठं, झालेल्या कराराचा अर्थ लावण्यावरून असेल तर छोटं. छोट्यावर संप करता येत नाही, लवादाकडे जावं लागतं. 'कराराच्या अर्थाचा वाद' लिहा. लांब आहे, पण झोप उडालेल्या वैमानिकाच्या तक्रारीला न्यायाधीश किरकोळ म्हणाले असं तरी वाचकाला वाटणार नाही.

गिरणगावकर :
आणि संपाच्या शेवटालाही नीट क्रियापद द्या. यूपीएसचा मिटला, बरोबर?

भाषांतरी :
हो, १९ ऑगस्टला. १०,००० पूर्णवेळ नोकऱ्या कबूल करून.

गिरणगावकर :
मग 'मिटला' लिहा. १९८२चा संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. वर्तमानपत्रं 'फसला' लिहायची, वडील तो शब्द घरात बोलू द्यायचे नाहीत. मामा वारले तेव्हा खांदा द्यायला मात्र गेले.

भाषांतरी :
काका, हे वाचून थोडा वेळ काहीच टाइप केलं नाही.
मसुदा असा करतेय : 'टीमस्टर्सचा संप वैमानिकांनी पाळला.' वळवलेलं पार्सल म्हणजे 'संपाचा माल'. स्कॅब जिथे शिवी म्हणून आलाय तिथे संपफोड्या, आणि जिथे लेखक नुसतं सांगतोय तिथे 'उडवणारे', तुमच्या 'आत जाणाऱ्यां'वरून. जंप सीट तशीच राहील. 'उडी-आसन' सुचवायला कुणी येत असेल तर त्यांनी आल्या पावली परत जावं.