मदत हवी आहे: अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःची कामं पुन्हा स्वतः करायची आहेत, सुरुवात कशी करू?

नमस्कार. मी ठाण्यात, वसंत विहारला राहते. वय ४८. बारा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. त्या मागच्या मार्गशीर्षात गेल्या. मुलगा कॉलेजात आहे. आता हाताशी वेळच वेळ आहे, पण एकटीने बाहेर पडायचं म्हटलं की छातीत धडधडतं.

घरात मला कुणी टाकून बोलत नाही, हे आधीच सांगते. उलट फार जपतात. मी अडकलेली असायचे म्हणून एकेक काम यांनी आणि मुलाने उचललं. बँक यांच्याकडे, लाइटबिल आणि गॅस मुलाच्या मोबाइलवर, भाजी घरपोच. तेव्हा गरजच होती. पण ती कामं परत माझ्याकडे आलीच नाहीत, आणि ती आपल्याला जमायची नाहीत असं मलाच कधी वाटायला लागलं, ते कळलं नाही.

गेल्या महिन्यात एफडी मोडायला बँकेत गेले. सही जुळेना. तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी. काउंटरवरची मुलगी चिडली नाही, पण मागे रांग आणि माझा हात थरथरतोय. "यांना घेऊन येते" म्हणाले आणि परत फिरले. रिक्षात रडू आवरेना. इतक्या वर्षांत मी सही केली होती कुठे? मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, तेवढीच.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी टीएमटीच्या बसने एकटी स्टेशनकडे जाते. तलावपाळीला एक फेरी, कोपिनेश्वराचं दर्शन, मग जांभळी नाक्यावर भाजी. पहिल्या दिवशी मेथीची जुडी केवढ्याला, हे विचारायलाही आवाज फुटेना. आता घासाघीस करते. रात्री वहीत त्या दिवशी मी स्वतः ठरवून केलेली एक गोष्ट लिहिते. कधी पान कोरंच राहतं.

आता स्कूटी पुन्हा चालवायची आहे. लायसन्स संपून दोन वर्षं झाली, म्हणजे परत चाचणी द्यावी लागणार. या वयात कुणी दिली आहे का? आणि घरच्यांना न दुखवता कामं परत कशी मागायची? यांना म्हटलं की "कशाला त्रास घेतेस" म्हणतात, आणि ते मनापासूनच म्हणत असतात.

प्रतिसाद (ऐरोलीहून)

ताई, मी ५१ व्या वर्षी दिली चाचणी. एक वर्षाच्या आत नूतनीकरण केलं असतं तर ती टळली असती, माझंही राहून गेलं होतं. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते आधी घेऊन ठेवा. मी दोन महिने आमच्या सोसायटीच्या आवारातच स्कूटीने आठचा आकडा काढत होते. वॉचमनदादा बघायचे, बघू दे.

सहीचं मनाला लावून घेऊ नका. आपल्या शाखेत ओळखपत्र घेऊन गेलं की नवीन सहीचा नमुना देता येतो. त्याआधी रोज वहीत दहा सह्या करा, एकाच वेगात.

कामं मागू नका, एक उचला. मी लाइटबिलापासून सुरुवात केली. मुलाला म्हटलं, तू शेजारी बस पण मोबाइलला हात लावायचा नाही. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली.

आणि एक विचारते, झोप कशी आहे? पाळी अनियमित झाली आहे का? धडधड, विसरभोळेपणा, उगीच भीती हे या वयात पाळी जाण्याआधीच्या बदलांमुळेही होतं. मी सगळा दोष स्वभावाला देत बसले होते. डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या.

धागाकर्ती

पहाटे तीनला जाग येते, रोज. पाळीचंही तुम्ही म्हणता तसंच आहे. हे दोन्ही एकत्र जोडून कधी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांची वेळ आज मीच फोन करून घेतली, गुरुवारची. सह्यांची वही काढली आहे. आठचा आकडा किती रुंद आखायचा, तेवढं सांगाल का?