मदत हवी आहे: महिनाअखेरीला माणसं कशी सांभाळता?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी शॉपमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट कापतो) चार महिन्यांपूर्वी ऑपरेटरचा सुपरवायझर झालो. हाताखाली 11 जण. त्यातल्या एकानेच मला व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) धरायला शिकवलं, त्यांना अजून काकाच म्हणतो.

25 तारीख उलटली की डिस्पॅचची बोंब सुरू. वरून दर तासाला फोन, आणि तो ताप मी तसाच खाली ओततो. गेल्या महिन्यात बोअर (पार्टमधलं भोक) 20 मायक्रॉन मोठा जात होता. ऑपरेटरच्या लक्षात आलं होतं, पण मी खेकसेन म्हणून तो बोललाच नाही. ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग) बदलायला दोन मिनिटं लागली असती. 140 पीस स्क्रॅप झाले. (बोअर लहान असता तर पुन्हा कापून रीवर्क तरी झालं असतं!)

आता त्याला मेमो द्या म्हणतात. माझ्या मते निम्मी चूक माझी आहे, पण हे साहेबांना कसं सांगू? काकांना सगळ्यांसमोर काम सांगताना जीभ अडखळते, त्याचं काय? आणि ओव्हरटाइम दुप्पट असला तरी सलग तिसऱ्या रविवारी पोरांना कुठल्या तोंडाने बोलावू?

शॉप फ्लोअरवर वर्षं काढलेल्यांनी सांगा. पुस्तकी नको.