सड्यावर बॉक्साइट खाण, १२ दिवसांनी जनसुनावणी. काय बोलायचं?

कलमवाला_रत्नागिरी:
आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार आहे. तिथे ६० हेक्टरांत बॉक्साइटची खाण येतेय. जनसुनावणी तालुक्याच्या मंगल कार्यालयात. ग्रामपंचायतीत खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश मिळाला, १४ पानांचा. त्यात लिहिलंय, "क्षेत्र पडीक कातळ असून उल्लेखनीय वनस्पती नाही." सड्याखाली माझी हापूसची ४० कलमं आणि आजोबांनी खोदलेली विहीर. मूळ अहवाल इंग्रजीत, जिल्हाधिकारी कार्यालयात. झेरॉक्स देत नाहीत म्हणे. आमची माणसं उभी राहिली की आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो. काय बोलावं?

सांजवेळ:
कशाला जाताय? सगळं आधीच ठरलेलं असतं. गावाने बहिष्कार टाका, सुनावणीच होणार नाही.

धूळमोज्या:
सांजवेळ, असं सांगून गावाला गोत्यात आणू नका. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत हजेरीला गणपूर्तीची अटच नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही सुनावणी होते आणि इतिवृत्तात "कोणाचीही हरकत आली नाही" असं जातं.

कलमवाले दादा, असल्या अहवालांसाठी मी सहा वर्षं नमुने गोळा करत हिंडलोय. धूळ मोजायचं यंत्र शाळेच्या गच्चीवर ठेवायचं आणि वीज गेली की मास्तरांचा चहा पीत बसायचं. म्हणून सांगतो, आधी अभ्यासाचा काळ कुठला ते बघा. बहुतेक मार्च ते मे निघेल. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी नियमातच चालते. आता मे महिन्यातला सडा म्हणजे तापलेला तवा, त्यावर कोणाला काय दिसणार? पहिल्या पावसात तिथे दीपकाडीची फुलं येतात, मग निळी पापणी फुलते. ऑगस्टात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही तिथे जायचो नेमके एप्रिलात. खोटं लिहायचो असं नाही, पण जे बघितलंच नाही ते "नाही" म्हणून छापलं जायचं.

दुसरं पाणी. सड्याचा जांभा दगड पाऊस पिऊन घेतो आणि तेच पाणी खाली झऱ्यांना, विहिरींना येतं. बॉक्साइट काढायचं म्हणजे तो थर खरवडायचा. तेव्हा "निसर्ग वाचवा" म्हणू नका. विचारा, "अमुक पानावरच्या नकाशात आमची विहीर का नाही? तिची पाणीपातळी कोणत्या महिन्यात मोजली?" असा प्रश्न लेखी गेला की कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं.

वकील_ताई:
वरच्यात थोडी भर. अहवाल केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' संकेतस्थळावर शोधा, झेरॉक्ससाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही. नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत, वर्तमानपत्राची तारीख तपासा. लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधीच द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर दिलंच नाही असं समजा. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी लागतो. चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. लोक नेमके तेव्हाच जेवायला उठतात! थांबा, आपला मुद्दा आला का ऐका, नसेल तर तिथेच सांगा.

तिथे मतदान नसतं, निर्णय पुढे तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर होतो. मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असल्यास आणखी ६०. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये थांबवली होती. अर्जात आजूबाजूच्या जंगलांची आणि सिंधुदुर्गातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची माहितीच धड दिली नव्हती. पुढच्या वर्षी स्थगिती उठली, विमानतळ झालाही, हे लपवत नाही. पण अर्जात माहिती दडवणं किरकोळ नाही, हे त्या निकालात आहे.

कलमवाला_रत्नागिरी:
अहवाल उतरवून घेतला. भाचीने वाचून सांगितलं, मार्च ते मे! विहीर नकाशात नाहीच. पुतण्याच्या मोबाइलमध्ये गेल्या ऑगस्टचे सड्याचे फोटो सापडले, तारखेसकट. गुरं सोडायला गेला होता, मागे सगळं निळं. शेजारच्या काकूंनी वाडीतल्या विहिरी मोजायला घेतल्यात, कालपर्यंत १७ झाल्या. सोमवारी हरकत देऊन पोच घेतो.