सिझनमध्ये संगणकाचे अपडेट बंदच ठेवावेत का?

देवगडकर बागायतदार
धंद्याच्या संगणकावर विंडोजचे अपडेट कायमचे बंद असावेत, हे माझं स्पष्ट मत. एप्रिल-मेमध्ये पेट्यांची बिलं नि ट्रान्सपोर्टच्या पावत्या रात्री उशिरापर्यंत चालतात. त्यात यंत्र आपल्या मनाने रीस्टार्ट होणं म्हणजे नोकराने मालकाला न विचारता शटर ओढणं. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ लावा म्हणतात, म्हणजे त्या वेळेत यंत्र अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट होत नाही. ते जास्तीत जास्त १८ तास. उरलेल्या ६ तासांत गाडी भरायची असेल तर?

दापोलीची ताई
कायमचे? अजिबात पटलं नाही. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवतोय का? मे २०१७ मध्ये त्याने जगभरची यंत्रं कुलूपबंद केली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तुमची सगळी उधारी-वसुली त्या एका यंत्रात आहे ना? सेटिंग्जमध्ये अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतात. ऐन गर्दीत थांबवा, मग एका निवांत दुपारी स्वतः रीस्टार्ट करा.

देवगडकर बागायतदार
आणि जुलै २०२४? तेव्हा तर अपडेटनेच ८५ लाखांच्या आसपास यंत्रं आडवी केली.

दापोलीची ताई
तो क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचा अपडेट होता, विंडोजचा नव्हे. विंडोजचे बंद ठेवून तो टळला नसता.

मालवणचो सेवा केंद्रवालो
तुमचा भांडाण वाचलंय. पण रीस्टार्ट करता कोण, ता आधी बघलात काय?

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, सिस्टिम लॉग बघा. १०७४ नंबरची नोंद असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर रीस्टार्ट मागितला. कोणी, तेही तिथेच लिहिलेलं असतं. ‘कर्नेल-पॉवर ४१’ असेल तर यंत्र नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं. आमच्या केंद्रात सगळे अपडेटला शिव्या घालत होते, नोंदी मात्र ४१ च्या. यूपीएसची बॅटरी मेलेली. पावसात लाइट क्षणभर लपकली की यंत्र गेलंच, आणि गिऱ्हाइकाचा अर्धा भरलेला फॉर्मही. बॅटरी बदलली, विषय संपला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अपडेटच्या नावावर विजेची बरीच पापं खपतात.

निळी स्क्रीन चमकून जात असेल तर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. एरर कोड वाचण्यापुरता तरी थांबेल.

देवगडकर बागायतदार
बघितलं. माझ्याकडे १०७४ च आहेत, अपडेटचेच. आता बोला.

दापोलीची ताई
विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे यंत्राचे नियम ठरवायच्या जागी, सोय आहे: कोणी लॉग-इन असताना अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट नको. अपडेट येत राहतील, वेळ तुमची. होम आवृत्तीत मात्र ग्रुप पॉलिसीचा एडिटर मिळत नाही.

देवगडकर बागायतदार
माझं होमच आहे. म्हणजे माझ्याच यंत्राला ‘आत्ता नको’ सांगायला मी वर पैसे मोजायचे? मग माझं पहिलं मत कुठे चुकलं?

मालवणचो सेवा केंद्रवालो
३५ दिवस फुकट गावतहत, ते आधी वापरा मरे!