मदत हवी आहे: काळ्या जमिनीत शोषखड्डा किती खोल घेऊ?

नवा_प्लॉट
मंडळी, मुळशीत पौडच्या पुढे प्लॉट घेतलाय. ड्रेनेज लाइन नाही. सोमवारी जेसीबी येतोय. सेप्टिक टँकच्या पुढचा शोषखड्डा किती फूट घेऊ? गवंडी आठ म्हणतो, जेसीबीवाला बारा. शेजारच्यांचा खड्डा गेल्या श्रावणात भरून वर आला, घाण पाणी अंगणभर, घरात लहान मूल. मला तसं नकोय. आजच सांगा.

मुरूम_माती
किती गुंठे? मुरूम किती फुटांवर लागतो? बोअर कुठे? आधी तिथं काय पिकायचं? हे कळल्याशिवाय खोली कशी सांगणार?

नवा_प्लॉट
तीन गुंठे, वर काळी माती. परवा दोन फूट खणून चार बादल्या पाणी ओतलं, दहा मिनिटांत गायब. जमीन चांगलीच आहे, फक्त खोली हवी आहे.

सातबारा_आधी
सातबारा सामाईक असेल तर खड्ड्याचं नंतर बघा. माझ्या मेव्हण्याचे पैसे असेच अडकलेत, सहहिस्सेदार सही देत नाहीत. मोजणी झाली का?

नवा_प्लॉट
कागद वकिलांनी बघितलेत. प्लीज खड्ड्यावर बोला.

हिरवी_वाडी
टाकीत दर महिन्याला शेणकाला आणि गूळ टाका. सासवडला आमच्याकडे नऊ वर्षांत उपशाची गाडी बोलवावी लागली नाही.

मुरूम_माती
ताई, शेणकाल्याने पाणी जिरत नाही. टाकीत जेवढं येतं तेवढंच पुढे जातं, तेही जंतूंसकट. नऊ वर्षं उपसा नाही म्हणजे गाळ शोषखड्ड्यात जात असणार, झाकण उघडून बघाच.

हिरवी_वाडी
आमचं एकदाही तुंबलेलं नाही. अनुभव सांगितला.

मुरूम_माती
तुमच्या माळाला मुरूम असेल, मुळशीचा पाऊस नाही.
नवा_प्लॉट, मे महिन्यात काळी माती भेगाळते. तुमचं पाणी भेगांत गेलं. पाऊस लागला की हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि थेंब जिरत नाही. आयएस 2470 (सेप्टिक टँकचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात चाचणी दिली आहे: जिथं पाणी जिरवायचं त्या खोलीपर्यंत वीतभर रुंद भोक घ्या, कडा खरवडा, तळाला 5 सेंमी खडी, वर 30 सेंमी पाणी रात्रभर. सकाळी भोक कोरडं असेल तर खडीवर 15 सेंमी पाणी राखत चार तास दर अर्ध्या तासाला भरा. शेवटच्या अर्ध्या तासात किती उतरलं ते मोजा. त्या वेगाने 25 मिमी उतरायला 30 मिनिटांच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालतो, 30 ते 60 असेल तर पसरट चर. 60 च्या वर गेलं तर ती जमीन जिरवणीची नाही, बारा फूट खणा नाहीतर वीस. काळ्या मातीत मी तर दोन रात्री भिजवेन.
पीक आणि बोअरचं अजून सांगितलं नाहीत.

पाणी_बघणारा
बोअरसाठी पाणाड्या हवा असेल तर व्यनि करा, नारळावर बघतो.

नवा_प्लॉट
आत्ता विचारून आलो. आधी भाताचं खाचर होतं. वरच्या प्लॉटवाल्यांचा बोअर माझ्या हद्दीपासून दहा पावलांवर. चार फुटांवर कातळ लागतो म्हणे. हे आधी महत्त्वाचं वाटलं नाही.

मुरूम_माती
हेच सगळ्यात महत्त्वाचं. खाचर म्हणजे पावसाळ्यात पाणी जमिनीबरोबर उभं, खड्डा आतूनच भरणार. पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर अंतर हवं. कातळाच्या फटींतून मैलापाणी कुठवर जाईल याचा नेम नाही, ते त्या बोअरमध्ये उतरू शकतं. तिथं शोषखड्डा घेऊच नका. टाकीपुढे अपफ्लो फिल्टर (पाणी खालून वर चढवत गाळणारी टाकी) बसवा, किंवा सगळे प्लॉटवाले मिळून उंचावरच्या जागेत एकच सामाईक व्यवस्था करा. शेजाऱ्यांनाही त्यात घ्या, त्यांचंही तेच दुखणं आहे.

नवा_प्लॉट
जेसीबीवाल्याला थांबवलंय. वरच्या कोपऱ्यात थोडा मुरूम दिसतो, पण बोअर त्याच अंगाला आहे. तिथून टेपने मोजून आणतो. शेजाऱ्यांशी रविवारी बोलतो.