तालुक्याच्या गावातील सरकारी बालशिक्षण: अंगणवाडी की नगरपरिषदेचा बालवर्ग?

मूळ मत (एक पालक)
मुलीला कुठे घालावे हे ठरवण्यासाठी मी आमच्या गावातल्या दोन अंगणवाड्या आणि नगरपरिषदेच्या शाळेतला बालवर्ग, तिन्ही ठिकाणी एकेक सकाळ बसून पाहिले. बालवर्गात बाके होती, शिस्त होती आणि चार वर्षांची मुले पाटीवर पन्नासपर्यंतचे आकडे गिरवत होती. पहिल्या अंगणवाडीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या, परंतु मुले खिचडी येईपर्यंत नुसती बसून राहिली. दुसरी समाजमंदिराच्या एका खोलीत भरते; तिथे सेविका मुलांकडून चिंचोक्यांचे लहान-मोठे ढीग करून घेत होत्या, आणि कोणता ढीग मोठा यावरून मुले आपसांत हिरिरीने वाद घालत होती. माझ्या मते तिन्हींत हीच सर्वांत चांगली.

प्रतिसाद १
मी सहमत नाही. एका खोलीत, शौचालयाची धड सोय नसताना, तीन वर्षांचे मूल तीन-चार तास कसे राहील? शिवाय पहिलीत शेजारचे मूल वाचते आणि आपले वाचत नाही, हे पाहताना आईवडिलांच्या जिवाची जी घालमेल होते, ती मी थोरल्या मुलाच्या वेळी भोगली आहे. पाटी गिरवून घेणाऱ्या बाईंना दोष देऊ नये.

प्रतिसाद २ (निवृत्त शिक्षिका)
घालमेल खरी आहे, पण तिचा उपाय पाटी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा माँटेसरींच्या महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. चिंचोके ही तडजोड नसून आपली परंपरा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. बोटांचे स्नायू तयार होण्याआधी अक्षरे गिरवायला लावली, तर मूल लेखनालाच कंटाळते. पहिलीच्या वर्गात मी हे वर्षानुवर्षे पाहिले.

प्रतिसाद ३
सेविकांची बाजू कोणीच मांडली नाही. 1975 मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडीच्या योजनेत (एकात्मिक बालविकास सेवा योजना) आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचा पाठपुरावा, गरोदर मातांच्या भेटी, हे सारे त्यांच्याकडेच आहे, आणि तेही मानधनावर. पहिल्या अंगणवाडीत मुले बसून होती, तेव्हा सेविका मोबाईलवर नोंदी भरत नव्हत्या ना? एका सकाळीवरून निकाल देणे मला अन्यायाचे वाटते.

मूळ मत मांडणारी
होय, त्या नोंदीच भरत होत्या. हे मी आधीच लिहायला हवे होते. त्यांच्याविषयीचे मत मी मागे घेते. शौचालयाचा मुद्दाही मान्य आहे, त्यासाठी आम्ही काही पालक नगरपरिषदेला अर्ज देत आहोत. बालवर्गाबाबत मात्र माझे मत बदललेले नाही: तिथे तासाभरात एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नाही. मुलगी सोमवारपासून समाजमंदिरातल्या अंगणवाडीत जाईल.