इतिहासात पीएचडी होत आली, आता पुढे काय?

दप्तरवाला:
नमस्कार मंडळी. थिसिस सबमिट झालाय, व्हायवा दोन-तीन महिन्यात होईल असं गाईड म्हणतायत (मागच्या वर्षीपण हेच म्हणाले होते). विषय निजाम काळातल्या मराठवाड्यातल्या इनाम जमिनी. वय ३३, प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांपैकी राज्याची सेट आहे, देशपातळीवरची नेट दोनदा थोडक्यात गेली. सध्या एका कॉलेजला सीएचबीवर (तासाप्रमाणे मानधन) आहे, घरी वडील रोज विचारतात की डॉक्टर झाल्यावर पगार किती आणि मी चहा प्यायला बाहेर निघून जातो. प्राध्यापकी सोडून काही आहे का आपल्या फिल्डमधे? इंग्लिश बरं आहे, टायपिंग येतं, थिसिससाठी मोडी (मराठीची जुनी लिपी) आणि कामापुरतं उर्दू शिकलो. खरं खरं सांगा, धीर नकोय.

घड्याळी_मास्तर:
अकरा वर्षं सीएचबीवर आहे त्यामुळे मीच सांगतो. पदवीला तासाला ९००, आठवड्याला ९ तासांची मर्यादा, कागदावर महिना बत्तीस हजारापर्यंत दिसतो पण दिवाळी, परीक्षा, उन्हाळा यांचे तास धरत नाहीत आणि ऑगस्टमधे शिकवलेल्याचे पैसे मला एकदा पुढच्या मार्चला मिळालेत, तोवर किराणावाल्याला रोज सर म्हणून तोंड दाखवायचं. राज्यात २०८८ जागांची भरती आली तेव्हा आमचे कितीतरी जण फाईल घेऊन फिरले. माझ्या वेळी कॉलेजला शॉर्टलिस्टला पीएचडीचे २५ गुण धरले, पण निवड शेवटी मुलाखतीवर. आणि मुलाखतीआधी एका संस्थेत मला बाहेरच्या बाकावर बसवून जो आकडा सांगितला तो ऐकून वाटलं गावाकडची चार एकर विकली तरी दोन लाख कमीच पडतील. नाव घेत नाही.

सातवा_वेतन:
मास्तर बरोबर बोलताय पण एक राहिलं. १ जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट हीच किमान अट, पीएचडी ऐच्छिक. म्हणजे दादांकडे दारात शिरायचं तिकीट सेटमुळेच होतं. त्यामुळे पीएचडी झाली की जागा मिळते हे घरच्यांच्या डोक्यातून आधी काढा, तेच अवघड काम आहे.

बोरू_आणि_शाई:
दादा तुम्ही जे शेवटच्या ओळीत सहज टाकलंय ना, मोडी आणि उर्दू, ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! मी मराठीत पीएचडी केलीय, तीन वर्षं कॉलेजांच्या जाहिराती बघत बसले. मग २०२३ मधे मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला समिती बसली आणि तहसीलला जुनी रजिस्टरं वाचणारी माणसं मिळेनात. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूची वही, त्यातली कित्येक पानं मोडीत. मला एका ओळखीच्या तलाठ्याने बोलावलं. पाऊस लागलेलं पान, ओळ आधी सलग आखलेली आणि खाली लिहिणाऱ्याने कलम न उचलता शब्दाला शब्द जोडत नेलेले, कुठे शब्द संपला ते कळत नाही, आणि समोर पाच माणसं उभी की ताई आमच्या आजोबांचं काय लिहिलंय. चुकून चालत नाही, एका अक्षरावर घरातल्या पोराची ॲडमिशन अडलेली असते. तुमच्याकडे तर हैदराबाद संस्थानचे कागद उर्दूतही आहेत आणि उर्दू व मोडी दोन्ही वाचणारे सापडत नाहीत. वारसा, देवस्थान जमिनी, जुने खटले यातही वकील शोधत असतात. पगारी नोकरी नाही हे मान्य, पानावर पैसे आणि कधी कोरडे दिवस जातात. पण मी आता कुणाच्या बाकावर बसत नाही.

कोकणी_मेवा:
माझा मार्ग वेगळा. तत्त्वज्ञानात पीएचडी, आता पुण्यात ॲपमधला मजकूर मराठी करणाऱ्या कंपनीत. डॉक्टरेटचा इथे कुणाला गंधही नाही, तीनशे पानं संपवणारा माणूस डेडलाईन पाळतो एवढंच बघितलं. शिवाय वाईला विश्वकोश, रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठ, पुण्यात डेक्कन कॉलेज, यांच्या प्रोजेक्ट जाहिराती बघत जा, थोड्या काळाच्या असतात पण दिवस निघतात.

दप्तरवाला:
बोरूताई, अर्जात मी मोडी 'इतर कौशल्ये' मधे टाकली होती, पोहण्याच्या खाली 😅 प्रमाणपत्र नाही माझ्याकडे, गाईडच्या एका म्हाताऱ्या मित्राकडे रविवारी जाऊन शिकलो.

बोरू_आणि_शाई:
पुराभिलेख संचालनालय मोडीचे परिचय वर्ग घेतं, शेवटी परीक्षा असते. तुम्हाला शिकायचं काही नाही तिथे, कागद हवा म्हणून बसा. आणि इनामाचं एखादं पान फोटो काढून मेसेज करा, मला निजामी हद्दीतलं वळण बघायचंय.

घड्याळी_मास्तर:
ताई वर्गाची तारीख कळली की इथे टाका. माझे आठवड्याला ९ च तास असतात.